किंमत लंडनला, सवलत एडिंबराला

ग्लासगो, डिसेंबर २०२५

इथं या दिवसांत पावणेचारलाच अंधार पडतो आणि हातावर पोट असलेल्या घरांत मीटरकडे लक्ष जायला लागतं. अशा बऱ्याच घरांत विजेचे आणि गॅसचे पैसे आधी भरावे लागतात. कोपऱ्यावरच्या दुकानातून किल्ली किंवा कार्ड भरून आणायचं, मीटरला लावायचं आणि आकडा खाली येताना बघत बसायचं. महावितरणचं बिल निदान महिनाभर उधारीवर चालतं, इथं पैसे संपले की घर गार. याहून वाईट म्हणजे, बँकेतून परस्पर बिल भरणाऱ्यापेक्षा या किल्लीवाल्याला कितीतरी वर्षं जास्त दर पडत होता. जुलै २०२३ मध्ये तो फरक काढला गेला.

२०२२ च्या हिवाळ्याची आठवण इथली माणसं अजून काढतात. युक्रेनवर हल्ला झाला, गॅस भडकला. वीज-गॅसच्या दराला ब्रिटनमध्ये ऑफजेम ही नियामक संस्था मर्यादा घालते आणि ती सरासरी घराच्या वर्षभराच्या बिलात सांगितली जाते. ती मर्यादा २०२१ च्या ऑक्टोबरात १,२७७ पौंड होती, वर्षभरात ३,५४९ पौंडांवर जायला निघाली. औटघटकेच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांनी सरकारी तिजोरीतून भर घालून ती अडीच हजारांवर थोपवली. त्याच ऑक्टोबरात ब्रिटनचा महागाई दर ११.१ टक्क्यांवर गेला, चाळीस वर्षांत नव्हता एवढा.

या सगळ्यात एडिंबराचं, म्हणजे स्कॉटलंडचं, सरकार कुठं होतं? कोल्हापूरच्या वाचकाला हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. गॅस सिलिंडरचा दर दिल्लीत ठरतो आणि शिव्या स्थानिक आमदाराला बसतात, तीच तऱ्हा इथं आहे. १९९७ च्या सप्टेंबरात स्कॉटिश जनतेनं स्वतःच्या पार्लमेंटसाठी कौल दिला, १९९९ पासून १२९ सदस्यांचं हे पार्लमेंट एडिंबराच्या होलिरूड भागात भरतं. आरोग्य, शिक्षण, घरं, वाहतुकीचा मोठा भाग त्याच्याकडे आणि आता काही कल्याणकारी भत्तेही. वीज, गॅस, व्हॅट, किमान वेतन, सरकारी पेन्शन आणि चलन मात्र लंडनकडे. आपल्या राज्यांचे अधिकार निदान घटनेत लिहिलेले आहेत, यांचे लंडनच्या पार्लमेंटनं केलेल्या कायद्यातून आलेले आहेत. पैशाचा मोठा हिस्साही लंडनहूनच येतो. १९७० च्या दशकाअखेर बार्नेट नावाच्या मंत्र्याच्या काळात तात्पुरतं म्हणून एक सूत्र बसवलं, ते अजून चालू आहे. तात्पुरत्या गोष्टींचं आयुष्य सगळ्याच देशांत मोठं असतं.

उत्तरेकडे हायलँडमध्ये गेलात तर डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्याच पवनचक्क्या. स्कॉटलंड स्वतःला लागते त्याहून जास्त वीज तयार करतं. पण त्या पात्यांच्या सावलीत राहणाऱ्या म्हातारीच्या विजेचा दर एडिंबराला एका पेनीनंही हलवता येत नाही. कोयनेच्या विस्थापितांना हे ऐकून नवल वाटू नये.

दर हातात नाही म्हटल्यावर उरतं काय? माणसाच्या खिशात पैसे घालणं आणि जी गोष्ट स्वतःच्या मालकीची आहे तिचा भाव उतरवणं. एडिंबरानं दोन्ही केलं.

मालकीची गोष्ट म्हणजे रेल्वे. इथल्या स्थानिक गाड्या चालवणारी स्कॉटरेल १ एप्रिल २०२२ ला खासगी कंपनीकडून सरकारकडे आली. तिचं तिकीट सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी जवळपास दुप्पट असायचं. ग्लासगो ते एडिंबरा जाऊन-येऊन २०२५ मध्ये ३२.६० पौंड. म्हणजे ज्याला कामावर जायचंच आहे त्यालाच जास्त दंड! ऑक्टोबर २०२३ मध्ये हा गर्दीचा अधिभार प्रयोग म्हणून काढला. सप्टेंबर २०२४ मध्ये परत लावला, कारण अहवाल म्हणाला की फायदा मुख्यतः आधीपासून रेल्वेनं जाणाऱ्या आणि बऱ्या कमाईच्या प्रवाशांना झाला. लोक चिडले. २०२५ च्या १ सप्टेंबरपासून तो कायमचा गेला आणि तेच तिकीट १६.८० पौंडांवर आलं. मधल्या काळात २०२४ ला ८.७ आणि २०२५ ला ३.८ टक्के साधी भाडेवाढ मात्र गुपचूप झाली होती. आपल्याकडे एसटीनं मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये सरसकट १४.९५ टक्के भाडं वाढवलं. सवलतीला नाव देतात, कार्यक्रम होतो. वाढीला परिपत्रक पुरतं.

बसचं म्हणाल तर इथं बावीस वर्षांखालच्या प्रत्येकाला आणि साठीनंतरच्या सगळ्यांना बस फुकट. आपल्या भागातून एमएस्सी करायला येणारी मुलं बहुतेक बाविशी ओलांडूनच विमानात बसतात, त्यामुळे हे कार्ड त्यांच्या वाट्याला येत नाही. औषधाची चिठ्ठी मात्र त्यांनाही फुकट. इंग्लंडमध्ये दर औषधाला जवळपास दहा पौंड मोजावे लागतात, इथं २०११ पासून काही नाही.

आता खिशातल्या पैशाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या पत्राचा जीव तिथं आहे.

स्कॉटिश चाइल्ड पेमेंट नावाची योजना फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झाली. कमी उत्पन्नाच्या, लंडनचे ठराविक भत्ते मिळणाऱ्या घरांतल्या सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला दहा पौंड. एप्रिल २०२२ मध्ये ते वीस झाले. महागाई टोकाला गेली त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पंचवीस झाले आणि वय सोळापर्यंत वाढलं. इथवर हे कुठल्याही सरकारला सुचलं असतं. पुढचं बघा. एप्रिल २०२४ मध्ये रक्कम २६.७० झाली, एप्रिल २०२५ मध्ये २७.१५. हे चिल्लर आकडे कुठून आले? आधीच्या सप्टेंबरातला महागाई दर ६.७ टक्के होता म्हणून पंचवीसवर तेवढी वाढ, पुढच्या सप्टेंबरात तो १.७ होता म्हणून तेवढी. ना जाहीर सभा, ना फलक. भाव जेवढे चढले तेवढी रक्कम चढली.

आपल्याकडेही ही सोय आहे, तिला महागाई भत्ता म्हणतात. वर्षातून दोनदा वाढतो, थकबाकीसकट मिळतो, मिळाला नाही तर कलेक्टर कचेरीवर मोर्चा येतो. पण तो सरकारी नोकराला आणि पेन्शनरला. ज्याला महागाई सगळ्यात जास्त चावते त्याला भत्ता आहे, त्यात ‘महागाई’ नाही. संजय गांधी निराधार योजनेची रक्कम सहाशेवरून हजारावर आली २०१९ मध्ये आणि दीड हजारावर २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी कुणीतरी घोषणा केली म्हणून. साठीतल्या गरीब म्हाताऱ्यांच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा दोनशे रुपये आहे आणि तो दीड दशकाहून जास्त काळ दोनशेच आहे. लाडक्या बहिणीचे दीड हजार जुलै २०२४ पासून दीड हजारच. एकवीसशे करू असं विधानसभेच्या प्रचारात सांगितलं होतं. ते झाले तरी प्रश्न उरतो, कारण एकवीसशेही तिथंच थांबतील आणि खाद्यतेलाचा डबा थांबणार नाही.

लाडकी बहीण योजनेला मी नावं ठेवणाऱ्यांतला नाही. दोन कोटींहून जास्त बायकांच्या स्वतःच्या खात्यात थेट पैसे जाणं ही साधी गोष्ट नव्हे. अख्खा स्कॉटलंड पंचावन्न लाखांचा, कोल्हापूर-सांगली मिळून त्याहून जास्त माणूस राहतो. एवढ्याशा देशात डंडीत एक कार्यालय थाटून सव्वातीन लाख मुलांचा हिशेब ठेवणं सोपं. पण फरक आकाराचा तेवढा नाही. २०१८ च्या इथल्या कायद्यानं सामाजिक सुरक्षा हा माणसाचा हक्क मानला. तिकडे आधी निवडणुकीपूर्वी घाईनं अर्ज भरून घेतले आणि निवडणूक झाल्यावर लाखो नावं अपात्र म्हणून वगळली, मग ई-केवायसीच्या रांगा लागल्या. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेला ३६ हजार कोटी ठेवले आणि २०२५ च्या गणपती-दिवाळीला शंभर रुपयांतला आनंदाचा शिधा आला नाही. पैसे एकाच तिजोरीतले, खाना वेगळा.

इथले पैसे कुठून येतात? एडिंबराला पगारावरच्या प्राप्तिकराचे दर ठरवायचा अधिकार आहे आणि तिथलं सरकार तो वापरतं. २०२५-२६ मध्ये वर्षाला साधारण तीस हजार पौंडांच्या वर कमावणारा इथं इंग्लंडपेक्षा जास्त कर देत होता. इंग्लंडमध्ये ४० टक्क्यांचा टप्पा ५०,२७१ पौंडांना लागतो, इथं ४३,६६३ लाच ४२ टक्के सुरू होतात. आयटीत काम करणारी आपली मराठी मंडळी गणपतीत जमली की आरतीनंतरचा पहिला विषय हाच असतो. त्यातल्या पुष्कळांना व्हिसाच्या अटींमुळे चाइल्ड पेमेंटसारखे भत्ते मिळत नाहीत, म्हणजे कर पूर्ण आणि लाभ अर्धा. त्यांची तक्रार खोटी नाही. मात्र मुलांना शाळेत पहिल्या पाच इयत्तांत जेवण फुकट आहे आणि ते खाताना कुणी पासपोर्ट बघत नाही.

आपल्या राज्यांना हा मार्गच नाही. प्राप्तिकर केंद्राचा. व्यवसाय करावर वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घटनेतच आहे. २०१७ ला जीएसटी आल्यावर राज्याच्या हातात पेट्रोल-डिझेल, दारू आणि मुद्रांक शुल्क एवढंच ठळक उरलं. शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे, पण साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातल्या वाचकांसाठी लिहिताना मी त्यात शिरत नाही.

म्हणून मग सवलत एका दारानं येते आणि दुसऱ्या दारानं जाते. हे बघायला स्कॉटलंडला यायची गरज नाही, कागलच्या पुढं कोगनोळीपर्यंत गेलं तरी पुरे. २०२३ मध्ये कर्नाटकानं बायकांना बस फुकट केली, घरातल्या कर्त्या बाईला महिना दोन हजार दिले. निपाणीतल्या मराठी बायकांना ते आपल्या बहिणींच्या वर्षभर आधी मिळाले. पुढच्या जूनमध्ये त्याच कर्नाटकानं पेट्रोलवरचा कर वाढवून लिटरमागे तीन रुपये काढले आणि जानेवारी २०२५ मध्ये बसभाडं पंधरा टक्क्यांनी वाढवलं. इथं ही मागच्या दाराची भूमिका घरफाळ्याकडे आहे. त्याला काउन्सिल टॅक्स म्हणतात. तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे मुख्यमंत्रीच, हमझा युसुफ यांनी २०२३ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात तो वर्षभर गोठवल्याची घोषणा करून टाकली. वर्ष संपल्यावर नगरपालिकांनी उसनं फेडून घेतलं. ग्लासगोत साडेसात टक्के, एडिंबरात आठ, फॉलकर्कमध्ये १५.६. इथं शिव्या द्यायला निवडून आलेला नगरसेवक तरी असतो, कोल्हापूर महापालिकेवर २०२० च्या नोव्हेंबरपासून २०२५ सरेपर्यंत प्रशासकच होते.

कोल्हापूरच्या इतिहासात मात्र वरच्या सत्तेखाली राहून थेट भावालाच हात घातल्याचं उदाहरण आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराज गादीवर येऊन जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती, डोक्यावर इंग्रज होता. महाराजांनी बाहेरून धान्य आणवलं, स्वस्त धान्याची दुकानं उघडली, दुष्काळी कामं काढली आणि कामावरच्या बायकांच्या मुलांसाठी शिशुगृहं केली. पैसे वाटून बाजाराच्या तोंडी देण्याऐवजी बाजारात मालच आणला. विजेच्या बाबतीत एडिंबराला तसं करता येत नाही, आणि घराच्या बाबतीत करून बघितलं तर काय झालं ते सांगतो.

६ सप्टेंबर २०२२ ला तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी घरभाडी गोठवल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरात कायदा झाला, मार्च २०२३ पर्यंत वाढ शून्य, त्यापुढं खासगी घरांना वर्षभर तीन टक्के. राहत्या भाडेकरूंना खरंच दिलासा मिळाला, त्यात आपली मुलंही होती, कारण इथं कायदा व्हिसा विचारत नव्हता. पण बंधन होतं ते चालू भाडेकरारावर. भाडेकरू गेला की मालक नव्याला हवं ते भाडं सांगायला मोकळा. मालकांनी पुढच्या वर्षांची वाढसुद्धा त्या एका संधीतच वसूल केली. जो राहिला तो वाचला आणि जो नवा आला, मग तो विद्यार्थी असो की नोकरीसाठी गाव सोडलेला, त्यानं राहिलेल्याच्या वाटचंही भरलं. मार्च २०२४ मध्ये ती बंधनं संपली.

२०२५ च्या ३० सप्टेंबरला पार्लमेंटनं नवा कायदा मंजूर केला. भाडी जिथं फार चढली आहेत ते भाग नियंत्रित म्हणून जाहीर होतील आणि तिथं वाढ महागाई दर अधिक एक टक्का, पण फार तर सहा टक्के. हे बंधन या वेळी घराला आहे, भाडेकरू बदलला तरी सुटत नाही. नगरपालिकांनी पाहणी करून २०२६ च्या नोव्हेंबरअखेर अहवाल द्यायचे आहेत, त्यामुळे कुठलाही भाग त्याआधी नियंत्रित होईल असं दिसत नाही. दरम्यान २०२६ च्या मे महिन्यात होलिरूडची निवडणूक. भाड्यानं देण्यासाठीच बांधलेल्या नव्या इमारतींना सूट द्यायचं सरकारनं आधीच कबूल केलं आहे, नाहीतर बांधणारे पैसा घेऊन इंग्लंडात जातील ही धास्ती. ग्लासगोच्या मध्यभागात अशा बऱ्याच इमारती उभ्या राहताहेत आणि आपल्याकडून येणारी पोरं मुख्यतः त्यांतच खोल्या शोधतात.