पांगळी : ओढ्याकाठची वनस्पती आणि सर्पदंश



गळीत हंगामात आम्ही गटात फिरतो, तेव्हा उसाशिवाय दुसरेही प्रश्न निघतात. मढ भागातील मंडळी हमखास विचारतात, "साहेब, पांगळीची मुळी घरात ठेवली तर साप चावल्यावर गुण येतो का हो?" प्रश्न जिवाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

पांगळी, कोणी फांगळा म्हणतात, ही तुळस-पुदिन्याच्या कुळातली रानवनस्पती. माळशेज-भीमाशंकरच्या अंगाला ओढ्याकाठी, ओलसर सावलीत ती माजते. ओळख सोपी आहे. खोड बोटांत धरून फिरवावे, चार कोन लागतात. पाने समोरासमोर, कडेला करवतीसारखे दाते. पान चुरगाळले की उग्र वास सुटतो. पावसाळा सरल्यावर थंडीत पांढरट-जांभळट तुरे येतात. वास येतो तो पानावरील बारीक ग्रंथींतल्या तेलाचा. अत्तरवाल्यांची पाच ही हिची सख्खी बहीण. पुदिना दूरचा नातलग, तेव्हा चटणीत घालायची ही वस्तू नव्हे!

हिची मुळी फुरशाच्या विषावर उतारा आहे ही समजूत फार जुनी. इंग्रजी अमदानीतील वनौषधींच्या ग्रंथांतही तशी नोंद आहे. मग मुळी उगाळून दिलेली माणसे वाचली ती कशी? कारण असे की, चावणारे बरेच साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असे नाही. अशा वेळी काहीही दिले, किंवा काहीच दिले नाही, तरी माणूस बरा होतो आणि नाव मुळीचे होते.

खरा धोका पुढेच आहे. फुरसे व घोणस यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागते, पण हे दिसायला कधी कधी काही तास लागतात. तेवढ्यात घरचे म्हणतात, "मुळीने उतार पडला." मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतही नाही, सूजही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात. तोडणी टोळ्या पाचटावर अंथरूण टाकून झोपतात, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक खेड्यांतलेच.

यावर औषध एकच, प्रतिसर्पविष लस. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारींवर ती एकच चालते, त्यामुळे साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. चावलेला भाग हलू देऊ नये, फळी किंवा उसाचे कांडे लावून सैल बांधावा. घट्ट दोरी आवळू नये, ब्लेड मारू नये, तोंडाने चोखू नये, मुळी तर लावूच नये. रोग्याला चालवत नेऊ नये. १०८ ला फोन करावा, गाडी यायला वेळ असेल तर बांधावर जे वाहन असेल त्यातून थेट सरकारी दवाखाना गाठावा. ट्रॅक्टर ऊस भरून उभा असला तरी ट्रॉली सोडून न्यावा, खेप मागाहून होईल.