विश्लेषण : नवगावच्या ज्यू दफनभूमीला एवढे महत्त्व का?

अलिबाग तालुक्यात किहीमजवळ नवगाव आहे. तिथल्या जुन्या ज्यू दफनभूमीत सर्वांत प्राचीन मानल्या जाणाऱ्या उंचवट्यांखाली कोण आहे, त्यांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत. तरीही महाराष्ट्रातील बेने इस्रायली समाज आपली सुरुवात इथूनच झाली, असे मानतो.

आख्यायिका काय सांगते?

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी छळामुळे मायदेश सोडून निघालेल्या ज्यूंचे गलबत या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेले मृतदेह इथे पुरले. पुरुषांचे वेगळे, स्त्रियांचे वेगळे. धर्मग्रंथ बुडाले. सुंता, शनिवारचा विसावा आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढेच लक्षात राहिले. पुढे त्यांचे वंशज कोकणात पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवले ‘शनवार तेली’. आडनावेही गावांवरूनच पडली : किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर.

पुरावा आहे का?

गलबत फुटल्याची तेव्हाची लेखी नोंद नाही. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजाचा इतिहास १८९७मध्ये लिहिला, तो छापून आला १९३७मध्ये. त्याचाही मोठा आधार तोंडी परंपराच. २०१६च्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंश आढळले. मात्र हा संकर साधारण ६५० ते १०५० वर्षांपूर्वीचा असावा, असा त्याचा अंदाज आहे. अर्थात संकराचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे.

हा वाद केवळ अभ्यासकांपुरता नव्हता. १९४८नंतर हजारो बेने इस्रायली इस्रायलला गेले. तिथे १९६२मध्ये मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहांआधी आईकडील वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. ज्यांच्या पूर्वजांच्या कबरींवर नावेच नाहीत, त्यांनी कागद कुठून आणायचे? मोठे आंदोलन झाले. अखेर १९६४मध्ये इस्रायली संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानले.

आज तिथे काय आहे?

दफनभूमीत आता स्मारकस्तंभ उभा आहे. ज्यू प्रथेत कबर सहसा हलवत नाहीत, त्यामुळे माणसे गेली आणि कबरी इथेच राहिल्या. महाराष्ट्राने २०१६मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण राज्यातील समाज आता काही हजारांवर आला आहे. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्यांपैकी अनेक जण अजून घरी मराठी बोलतात, कोकणात आले की नवगावलाही जातात.