‘कोहा’ची प्रस्थापना आणि परवलीचा शब्द

ग्रंथालयातील दाखल-नोंदवही आणि देवघेवीची कार्डे यांची जागा आता अनेक ठिकाणी संगणकाने घेतली आहे. या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलींमध्ये ‘कोहा’ ही विनामूल्य आज्ञावली विशेष परिचित आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी ती तयार करण्यात आली व २००० साली तेथे वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ही भेट सर्व्हरवर बसविताना मात्र पुष्कळांचे काम एकाच जागी अडते; परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, नाकारला जातो.

हा नकार कोण देतो, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. पुस्तकांच्या नोंदी कोहा स्वतःजवळ ठेवीत नाही. त्या ‘मारियाडीबी’ किंवा ‘मायएसक्यूएल’ या डेटाबेसच्या स्वाधीन असतात. जिल्हा कचेरीतील अभिलेख कक्ष आणि तेथे कागद मागावयास जाणारा लिपिक, असे या दोघांचे नाते आहे. लिपिकाने सांगितलेले नाव व परवलीचा शब्द कक्षातील नोंदीशी जुळले, तरच दार उघडते. या लिपिकासाठी प्रस्थापनेच्या वेळी एक स्वतंत्र खाते उघडले जाते. ग्रंथालयाच्या स्थळास ‘लायब्ररी’ असे नाव दिले असल्यास खात्याचे नाव ‘कोहा_लायब्ररी’ असे होते व त्याचा परवलीचा शब्द ‘कोहा-कॉन्फ.एक्सएमएल’ या फाइलमध्ये लिहिला जातो. प्रस्थापनेच्या पहिल्या पडद्यावर हेच नाव व हाच शब्द द्यावयाचा असतो. पुष्कळ जण तेथे संगणकावरील आपले स्वतःचे नाव घालतात आणि दोष आज्ञावलीला देतात.

तरीही दार न उघडल्यास संदेश शेवटपर्यंत वाचावा. त्रुटी क्रमांक १०४५ असून अखेरीस ‘युझिंग पासवर्ड : नो’ असे असेल, तर शब्द चुकलेला नसून तो पाठविलाच गेलेला नाही. ‘येस’ असेल, तर नाव वा शब्द जुळत नाही. क्रमांक २००२ आल्यास मात्र परवलीच्या शब्दाचा प्रश्नच उद्‌भवत नाही. बहुधा डेटाबेसच बंद असतो. अशा वेळी शब्द बदलत बसणे म्हणजे अर्ज कोणत्या कारणाने परत आला हे न पाहता तोच पुन्हा पाठविणे होय. आणखी एक बारकावा असा की, फाइलमधील शब्दात अँपरसँडचे चिन्ह तसेच लिहिले, तर संपूर्ण फाइलच वाचली जात नाही.

‘रूट’ या मुख्य खात्याविषयीही गैरसमज आढळतो. जुन्या मार्गदर्शिकांत त्यास परवलीचा शब्द देण्यास सांगितलेले असते. परंतु मारियाडीबीच्या २०१९ मधील १०.४ या आवृत्तीपासून लिनक्स प्रणालीवर हे खाते मुळात शब्द विचारीत नाही. संगणकावर व्यवस्थापक या नात्याने कोण काम करीत आहे, यावरून ते ओळख पटविते. हे ठाऊक नसल्याने काही जण रूटला सोपा शब्द देतात व तोच कोहाच्या फाइलमध्ये लिहितात. लिपिकाच्या हाती सर्व कपाटांच्या किल्ल्या देण्यासारखा हा प्रकार आहे.

याहून गंभीर चूक म्हणजे कंटाळून डेटाबेसची निर्देशिका पुसून टाकणे व सारे नव्याने बसविणे. नव्या सर्व्हरवर जुन्या नोंदी आणलेल्या असतील आणि दुसरी प्रत नसेल, तर कित्येक वर्षांचे काम क्षणात नष्ट होते. वास्तविक, जुन्या सर्व्हरवरून नोंदींबरोबर खात्यांचे कोष्टकही आणले गेल्यास जुने शब्द पुन्हा लागू होतात आणि नव्या फाइलशी त्यांचा मेळ राहत नाही, एवढेच घडलेले असते. जुना शब्द डेटाबेसकडून परत मिळत नाही; कारण तेथे त्याचे केवळ सांकेतिक रूप साठविलेले असते. तो बदलता मात्र येतो. प्रथम नोंदींची प्रत काढावी, व्यवस्थापक म्हणून प्रवेश करावा, फाइलमध्ये असलेलाच शब्द त्या खात्यास द्यावा आणि कोहाची सेवा पुन्हा सुरू करावी. प्रस्थापना पूर्ण झाल्यावर ग्रंथपालाने रोजच्या कामासाठी स्वतःच्या नावाचे खाते वापरावे. फाइलमध्ये परवलीचा शब्द उघड अक्षरांत असल्याने तिची छापील प्रत टेबलाच्या खणात ठेवू नये.