झाडं दिवसाही श्वास घेतात

वर्गात विचारलं, "झाडं श्वास कधी घेतात?" की बहुतेक मुलं सांगतात, रात्री. दिवसा ऑक्सिजन, रात्री कार्बन डायऑक्साइड, असं आपण सगळेच ऐकत आलोय. अर्धं खरं आहे, म्हणूनच डोक्यातून जात नाही. उर्दू माध्यमात जियाई तालीफ आणि तनफ्फुस म्हणतात, मराठीत प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन. गोंधळ दोन्हीकडे तोच.

प्रकाशसंश्लेषण म्हणजे अन्न बनवणं. पानातली हरितलवकं हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेलं पाणी घेऊन उन्हाच्या जोरावर ग्लुकोज तयार करतात. ऑक्सिजन बाहेर पडतो, तो पाण्यातला. मुलं इथे हमखास कार्बन डायऑक्साइडमधला लिहितात.

श्वसन म्हणजे तेच अन्न ऑक्सिजनच्या मदतीने मोडून ऊर्जा काढणं. हे काम मुख्यतः तंतुकणिकांत, प्रत्येक जिवंत पेशीत आणि चोवीस तास चालतं. मुळांतही चालतं. कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजतात, त्यामागे हवा न मिळणं हे मोठं कारण असतं.

मग दिवसा श्वसनाचा कार्बन डायऑक्साइड दिसत का नाही? कारण पान तो आतल्या आत वापरून टाकतं आणि वर बाहेरून आणखी ओढतं. मगरिबच्या आधी ऊन उतरलं की बनवणं मंदावतं, एका क्षणी दोन्ही कामं बरोबरीला येतात, आणि अंधारात फक्त श्वसन उरतं. यान इंगेनहाउस या डच डॉक्टरने 1779 मध्येच दाखवलं होतं की हवा शुद्ध करायला झाडाच्या हिरव्या भागांना उजेड लागतो.

श्वसन एकटं बघायचं असेल तर स्वयंपाकघरात या. भिजवलेली मटकी फडक्यात घट्ट बांधून ठेवा, मोड आल्यावर आत बोट घाला: ऊब लागते. तिथे ना पान, ना ऊन. दाण्यात साठवलेलं अन्न मोडतंय, त्याची ती उष्णता. मोडाची मटकी पाण्यामुळे जड वाटते, पण पूर्ण वाळवून तोलली तर आधीपेक्षा हलकी भरते.

पेपरात "श्वसन ही प्रकाशसंश्लेषणाची उलट क्रिया" एवढंच लिहून मुलं मोकळी होतात. समीकरणं उलटी दिसतात हे खरं, पण जागा वेगळी, टप्पे वेगळे. एकात प्रकाशाची ऊर्जा अन्नात साठते, दुसऱ्यात ती पेशीच्या कामाला येते. हा फरक लिहायलाच हवा.

आणि रात्री खोलीतली कुंडी बाहेर काढायची गरज नाही. शेजारी झोपलेला माणूस तिच्यापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो.