एकोणसत्तर

बाईंनी सांगितलंय, "एकोणसत्तर लिही." समोरच्या मुलानं पाटीवर ७९ लिहिलेत.

डोंगरातल्या वाडीवरची ही जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार वर्ग. या खोलीत पहिली आणि दुसरी एकत्र बसते. पहिलीची मुलं कोपऱ्यात चिंचोके मांडताहेत. मी मागे भिंतीला टेकून बसलोय.

बाई पाटीकडे बघतात. हातात खडू आहे, पण तो पाटीला लागत नाही. शेजारची मुलगी "बाई, चुकलं त्याचं!" म्हणत उठते, तिला त्या नुसत्या हातानं खाली बसवतात आणि स्वतः त्याच्यासमोर मांडी घालतात.

"कसं लिहिलंस, सांग बरं."

"सत्तर म्हणलात. म्हणून सात काढला."

"आणि नऊ?"

"एकोणीसमधी नऊ असतो ना."

मी वहीत लिहायचं थांबतो. किती नीट विचार केलाय यानं! लहानपणी अशाच एका उत्तराला माझ्या तळहातावर पट्टी बसली होती. कसं लिहिलंस, हे कुणी विचारलं नव्हतं. तास सुरू होण्याआधी बाई मला म्हणाल्या होत्या, "आधी रेघ मारली की मूल पुढं काही सांगतच नाही." ते आत्ता समोर दिसतंय.

मराठी अंक तसे अवघडच. त्रेसष्टमध्ये तीन आधी ऐकू येतो आणि लिहायचा मात्र नंतर. एकोणसत्तरमध्ये सत्तर ऐकू येतं आणि लिहायचे असतात साठातले. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या, की जोडाक्षरांनी बिचकणाऱ्या मुलांची ही सोय आहे. त्या वादात बोलणारे बहुतेक मोठेच होते. अडलेलं मूल इथं माझ्यासमोर बसलंय.

"आता मला सत्तर काड्या आणून दे," बाई म्हणतात. आधी हात, मग तोंड, मग पाटी, हा त्यांचा क्रम. तो टोपलीतून निरगुडीच्या काड्यांचे सात गठ्ठे आणतो. प्रत्येकात दहा, रबरानं बांधलेल्या.

"यातली एक उणी कर."

तो गठ्ठ्यांकडे बघत राहतो. बांधलेला गठ्ठा सोडायला त्याचा जीव होत नाही. बाई थांबतात. थांबणं फार लांबतं, माझ्याच ओठांवर उत्तर येतं. कोपऱ्यात चिंचोके घरंगळतात, तरी बाई मान वळवत नाहीत. शेवटी तो रबर काढतो, एक काडी त्यांच्या हातावर ठेवतो आणि उरलेल्या काड्या बोटानं मोजतो. सहा गठ्ठे, नऊ सुट्या.

"साठ... नऊ." मग एकदम, "एक उणी सत्तर! एकोणसत्तर!"

कुणी न सांगता तो पाटी पुसतो आणि ६९ लिहितो.

आता वर्ग पेटतो. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास... मुलं ओरडून म्हणताहेत. मघाची मुलगी पुन्हा उभी राहते. "बाई, मग शंभराच्या आधी एकोणशंभर का नाही?"

बाई तिच्याकडे पाहतात. चेहरा खुलतो. उत्तर न देता त्या उठतात आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तिचा प्रश्न लिहितात. तिथं आधीचा एक आहेच: 'वाळलेलं पान वाजतं, ओलं का वाजत नाही?'

"घरी विचारून या. मीपण विचारते."

तो मात्र या गोंधळात नाही. सुट्या काड्या पुन्हा रबरात भरतोय, मोजतोय, पुन्हा काढतोय. मग उठून बाईंच्या पदराला ओढतो.

"बाई, माझी एक काडी तुमच्याकडं हाय. ती द्या, मग सत्तर हुतील."