साधे आवाज असह्य होतात तेव्हा

कुकरची शिट्टी, मोरीत स्टीलची वाटी पडल्याचा खणखणाट, कागद चुरगळल्याची सळसळ हे घरोघरचे आवाज ज्यांना सोसवत नाहीत आणि ज्यांच्यापैकी काहींच्या कानात त्यामुळे खरोखरच कळ येते, त्यांच्या या अवस्थेला वैद्यकशास्त्रात ‘हायपरअ‍ॅक्युसिस’ म्हणतात. नेहमीच्या श्रवणचाचणीत पुष्कळदा काहीच दोष निघत नाही. कारण किती मंद आवाज ऐकू येतो एवढेच तीत मोजले जाते, कितव्या पातळीला आवाज असह्य होतो हे वेगळे तपासावे लागते. साध्या संभाषणाची तीव्रता सुमारे 60 डेसिबल असते आणि बहुतेकांना 100 डेसिबलच्या आसपास अस्वस्थ वाटू लागते. या रुग्णांची सहनमर्यादा मात्र त्याहून बरीच खाली आलेली असते. चाचणी निर्दोष आली म्हणून घरच्यांनी या त्रासाला चिडकेपणा ठरवावे, हा रुग्णावर मोठाच अन्याय होय.

विशिष्ट आवाजांनी, उदाहरणार्थ दुसऱ्याच्या मचमच खाण्याने, अनावर संताप येणे हा ‘मिसोफोनिया’ निराळा. त्यात आवाजाच्या तीव्रतेला फारसे महत्त्व नसते.

हायपरअ‍ॅक्युसिसची कारणे अनेक आहेत. मोठा आवाज होताच मधल्या कानातील ‘स्टेपीडिअस’ हा चिमुकला स्नायू रिकिबीच्या आकाराचे हाड ताणून धरतो व आत जाणारा आवाज काहीसा कमी करतो. चेहऱ्याच्या नसेला लकवा झाला की हा बंदोबस्त ढिला पडतो. डोक्याला मार, मायग्रेन आणि प्रचंड आवाजाचा आघात यांमुळेही हा विकार जडू शकतो, तर विल्यम्स सिंड्रोम व ऑटिझम असलेल्यांत तो बऱ्याचदा आढळतो. अनेक संशोधकांच्या मते अंतर्कर्णाकडून येणारे संदेश क्षीण झाले की मेंदू ती उणीव भरून काढण्यासाठी ते वाढवून घेतो आणि त्या भरात साधा आवाजही त्याला प्रचंड भासतो.

म्हणूनच सदासर्वकाळ कानात बोळे घालून बसणे, जे रुग्णाला साहजिकच सर्वांत सोपे वाटते, ते घातक ठरू शकते. क्रेग फॉर्मबी व सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी व्यक्तींनी दोन आठवडे कान बंद ठेवले तेव्हा त्यांना आवाज अधिक मोठे वाटू लागले, आणि तितकाच काळ मंद, एकसुरी आवाज ऐकला तेव्हा त्यांची सहनशक्ती वाढली. ध्वनिउपचार याच तत्त्वावर आधारलेला असून त्यात सुसह्य आवाजापासून आरंभ करून सवय हळूहळू वाढवली जाते, आवाजाची धास्ती कमी करण्यासाठी समुपदेशनाची जोड दिली जाते आणि फटाके किंवा ढोलताशांसारख्या खरोखरच हानिकारक आवाजांपुरतेच कान झाकायला सांगितले जाते.