भिजलेले धान्य आणि बँकांचा संगणक

बाजारातून जाताना प्रेषित हजरत मुहम्मद (स.) एकदा धान्याच्या ढिगाजवळ थांबले. ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, ते भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपला नव्हे, असे बजावले. 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात हा प्रसंग आहे.

रमजानच्या प्रवचनांत ही हदीस नेहमी सांगितली जाते. धान्य, दूध, कापड विकणाऱ्यांना ती लागू आहे, हे सर्वांनाच पटते. पण आज असाही माल विकला जातो, ज्यात ग्राहकाला हात घालून पाहता येत नाही. युरोपातील बँकांना विकले जाणारे, आर्थिक गुन्हे रोखणारे सॉफ्टवेअर हा त्यातलाच एक माल.

हे सॉफ्टवेअर मुख्यतः दोन कामे करते. ग्राहकाचे नाव निर्बंध घातलेल्या व्यक्ती व संस्थांच्या यादीशी ताडून पाहणे, हे पहिले. खात्यातील पैशांची ये-जा संशयास्पद वाटली की इशारा देणे, हे दुसरे. त्याची गरज खरी आहे. डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या एस्टोनियातील शाखेतून २००७ ते २०१५ या काळात परदेशी ग्राहकांचे सुमारे २०० अब्ज युरो फिरले आणि त्यातील मोठा भाग संशयास्पद ठरला. त्या शाखेची संगणक यंत्रणा मुख्यालयाच्या यंत्रणेपासून वेगळी होती. एका अधिकाऱ्याने आतून इशारा दिला होता, तरी प्रकरण उघड व्हायला अनेक वर्षे गेली. २०१८ मध्ये बँकेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पद सोडावे लागले. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या आयएनजी बँकेने मनी लाँडरिंग रोखण्यातील त्रुटींबद्दल ७७.५ कोटी युरो भरले. अशा काळ्या पैशामागे लाच, अमली पदार्थ, माणसांची खरेदी-विक्री असते. तो अडवणे हे पुण्याचेच काम आहे.

या धक्क्यांनंतर युरोपात नियम कडक होत गेले. युरोपीय संघाने फ्रँकफर्टला मनी लाँडरिंगविरोधी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. दंडाची भीती वाढली तशी सॉफ्टवेअरची मागणीही वाढली. आपल्या राज्याचाही या कामाशी संबंध आहे. डॉइश बँक, बार्कलेज, यूबीएस अशा युरोपीय बँकांची तंत्रज्ञान केंद्रे पुण्यात आहेत आणि मराठी तरुण-तरुणी तिथे नोकरी करतात.

बँकेला असे सॉफ्टवेअर विकणे एका भेटीत होत नाही. अनुपालन अधिकारी, संगणक विभाग, खरेदी विभाग, कायदेतज्ज्ञ अशा सगळ्यांचे समाधान करावे लागते. त्यात महिनेच्या महिने जातात. प्रात्यक्षिकात पडद्यावर एक गुन्हेगार झटकन पकडून दाखवला जातो. हा झाला ढिगावरचा कोरडा दाणा. खालची ओल म्हणजे खोटे इशारे. या प्रणालींनी दिलेल्या इशाऱ्यांपैकी बहुसंख्य इशारे तपासाअंती निरर्थक ठरतात, हे या धंद्यातील सर्वांना ठाऊक असते. चाळणी बारीक केली तर निरपराध अडकतात, मोठी केली तर गुन्हेगार निसटतात.

यात सर्वात जास्त भरडली जातात ती नावे. आपल्याकडे एकाच माणसाचे 'शेख' हे आडनाव आधार कार्डावर एका इंग्रजी स्पेलिंगने, तर पासपोर्टवर दुसऱ्याच स्पेलिंगने असते. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे 'मुहम्मद'ची रोमन लिपीत कितीतरी रूपे होतात. तुर्कस्तानात त्याचेच मेहमेत होते, पश्चिम आफ्रिकेत मामादू. उच्चारावरून नावे जुळवण्याची जुनी 'साउंडेक्स' पद्धत १९१८ मध्ये अमेरिकेत पेटंट झाली, आणि ती बेतली होती इंग्रजी उच्चारांवर. नवी तंत्रे बरीच पुढे गेली आहेत. तरीही नुसत्या नावावर विसंबणारी यंत्रणा, जन्मतारीख व पत्ता न पाहता, एका मुहम्मदला दुसरा समजू शकते.

नाव बरोबर जुळले, तरी यादीतली नोंदच चुकीची असली तर? लंडनच्या फिन्सबरी पार्क मशिदीचे उदाहरण बोलके आहे. २०१४ मध्ये एचएसबीसी बँकेने तिचे खाते बंद केले. जगभरातील बँका वापरत असलेल्या 'वर्ल्ड-चेक' या माहितीसंचात मशिदीची नोंद 'दहशतवाद' या सदराखाली आहे, हे तिला पुढे कळले. वास्तविक २००५ पासून मशिदीचे व्यवस्थापन पूर्णपणे बदलले होते. मशीद न्यायालयात गेली. २०१७ मध्ये माहितीसंचाच्या तेव्हाच्या मालक कंपनीने, थॉमसन रॉयटर्सने, माफी मागितली आणि १० हजार पौंड भरपाई व खटल्याचा खर्च दिला.

कुरआनच्या 'सूरह हुजुरात'मध्ये या विषयाला लागू पडणाऱ्या दोन आज्ञा जवळजवळ आल्या आहेत. बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या बातमीची आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान कराल आणि पस्तावाल, ही एक. फार संशय घेऊ नका, काही संशय हे पापच असते, ही दुसरी. म्हणजे तपास करणे कर्तव्य आहे, पण तपासाआधीच दोषी ठरवणे गुन्हा आहे. बँकेच्या अनुपालन विभागाला याहून नेमके धोरण लिहिता येणार नाही.

म्हणून प्रामाणिक विक्रेत्याने दोन्ही आकडे सांगितले पाहिजेत : किती गुन्हेगार निसटले आणि किती निरपराध अडकले. चाचणी बँकेच्याच जुन्या नोंदींवर, सर्व समाजांच्या नावांवर करून दाखवली पाहिजे. इशारा का आला, हे कर्मचाऱ्याला कळेल अशा शब्दांत पडद्यावर दिसले पाहिजे. असे सांगून कदाचित एखादा सौदा हातचा जाईल. पण ग्राहक बँकेनेही फक्त दंड टाळणारी नव्हे, तर चूक झाल्यास ती लवकर दुरुस्त करणारी यंत्रणा मागायला हवी.

रमजानमध्ये युरोपातील अनेक मुस्लिम कुटुंबे युद्धाने होरपळलेल्या देशांत जकात आणि मदत पाठवतात. नेमके असे व्यवहारच वारंवार अडकतात. गुन्हेगाराचा पैसा रोखला गेलाच पाहिजे. मात्र पैसे पाठवणारा निर्दोष असेल, तर ईदच्या आधी ते भुकेल्या घरी पोहोचणे हाही त्याच न्यायाचा भाग आहे.